एक नंबरची बेल, आठ नंबरचा दिवा

वृद्धाश्रमातलं बेलचं पॅनेल बंद पडलं आणि तिथल्या स्टीलच्या पेल्यांना पोचे पडायला लागले.

आश्रमात आठ खोल्या होत्या, आठ आजी-आजोबा होते आणि प्रत्येकाच्या उशाशी एक बटण होतं. ते दाबलं की हॉलमधल्या पॅनेलवर त्या खोलीच्या नंबरचा दिवा लागायचा, बझर वाजायचा आणि मावशी तिकडे जायच्या. पॅनेल गेलं तसं मंडळींनी पेला आणि चमचा हातात घेतला. त्यातही एक नंबरमधल्या आजींचा हात दांडगा. त्यांना अख्खा आश्रम ‘बेलवाल्या आजी’ म्हणायचा. उशी सरळ करायला बेल, पडदा सारायला बेल, सारलेला पडदा पुन्हा ओढायला बेल. आणि काहीच काम नसेल तर किती वाजले हे विचारायला बेल. त्यांच्या खोलीत घड्याळ होतं आणि ते बरोबर चालायचं.

पार दुसऱ्या टोकाला, आठ नंबरमध्ये, निवृत्त जजसाहेब राहायचे. ते आल्यापासून त्यांनी एकदाही बटणाला हात लावला नव्हता. मावशींनी ट्रे ठेवला की ते मान हलवायचे, उचलला की पुन्हा हलवायचे. नोकरीत लोकांचं इतकं ऐकून घेतलं होतं, की आता ना ऐकायचं ना बोलायचं, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलेलं दिसत होतं.

आश्रम चालवणाऱ्या मॅडम संध्याकाळी डोकं धरूनच घरी आल्या.

“कंपनी म्हणते, तसलं पॅनेल आम्ही आता बनवतच नाही. नवीन सिस्टिम घ्या म्हणे. म्हणजे सगळ्या भिंती फोडा आणि वायरिंग बदला. कानात नुसता टणटणाट बसलाय हो माझ्या.”

मॅडमचे यजमान म्हणजे सर. आयुष्यभर शाळेत फिजिक्स शिकवून ते नुकतेच रिटायर झाले होते. तेव्हापासून त्यांनी घरातली इस्त्री, मिक्सर आणि शेजाऱ्यांचा मिक्सर दुरुस्त केला होता. शेजाऱ्यांनी नंतर नवीन घेतला.

“त्यात असतं काय एवढं?” सर म्हणाले. “एक सर्किट बोर्ड. तेवढंच नवीन केलं की झालं. मी करतो.”

“तुम्ही?” मॅडम म्हणाल्या. लग्नाच्या इतक्या वर्षांचा अनुभव त्या एका शब्दात मावला होता.

“का? आजकाल बोर्ड डिझाइन करायची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. घरी बसून डिझाइन करायचं, फाइल पाठवायची, बोर्ड छापून घरी येतं.”

“मग धाकटीच्या यजमानांना विचारू या का? त्यांचं तर रोजचंच काम आहे ते.”

इथेच सगळं ठरलं. धाकटीचे यजमान, म्हणजे सरांचे साडू, वजनकाट्यांच्या कारखान्यात बोर्ड डिझाइन करायचे. एका पंगतीत त्यांनी चार लोकांदेखत म्हटलं होतं, “साडूभाऊ, शाळेतलं फिजिक्स म्हणजे काय, एक बल्ब आणि एक बॅटरी!” लोक हसले होते. सरही हसले होते, पण घरी आल्यावर त्यांनी बराच वेळ दात घासले होते.

“कुणाला काही विचारायचं नाही,” सर म्हणाले. “त्याला तर मुळीच नाही.”

पण बातमी बहिणीबहिणींच्या फोनवरून जायची ती गेलीच. दुसऱ्याच दिवशी साडूंचा फोन आला. “साडूभाऊ, ऐकलं बरं का! उत्तम! एक सांगतो, त्यातलं ते मोठं सॉफ्टवेअर आहे ना, तेच घ्या. फुकट आहे, आम्हीपण तेच वापरतो. त्यात तयार बोर्ड कसं दिसेल ते चहूबाजूंनी फिरवून बघता येतं.”

“बघतो,” सर म्हणाले. आणि ते सॉफ्टवेअर त्या क्षणी बाद झालं.

तरी सरांनी अन्याय केला नाही. त्यांनी तीन सॉफ्टवेअर उतरवून घेतली आणि पेपर तपासल्यासारखी तपासायला बसले. साडूंनी सांगितलेलं उघडायला इतका वेळ लागला की लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला. ‘जडत्व फार’ असा शेरा मारून सरांनी त्याला नापास केलं. दुसरं इंटरनेटवरच चालणारं होतं. त्याला आधी पासवर्ड हवा होता, त्यात एक आकडा, एक मोठं अक्षर आणि एक चिन्ह. सरांनी घातलेला पासवर्ड त्याला कमकुवत वाटला. “मुख्याध्यापकांनीसुद्धा मला कधी कमकुवत म्हटलं नाही,” असं म्हणून सरांनी तेही बंद केलं. तिसरं हलकं होतं, पटकन उघडलं, पासवर्ड मागितला नाही, आणि मुख्य म्हणजे साडूंनी त्याचं नाव काढलं नव्हतं. ते पहिल्या श्रेणीत पास झालं.

लोकांची मतं बघावीत म्हणून सर इंटरनेटवरही फिरून आले. तिथे पहिलं वापरणारे दुसऱ्याला शिव्या देत होते, दुसरं वापरणारे तिसऱ्याला. तिसरं वापरणारा एकच माणूस सापडला. तो कुणालाच शिव्या देत नव्हता. तो मदत मागत होता, आणि त्याला अजून कुणी उत्तर दिलं नव्हतं. सरांनी त्याकडे दुर्लक्ष केलं.

मग शिक्षण सुरू झालं. व्हिडिओमधला माणूस इतक्या भरभर बोलायचा की सर त्याला अर्ध्या वेगाने लावायचे. मग तो झोपेतून उठल्यासारखा बोलायचा आणि मॅडम स्वयंपाकघरातून विचारायच्या, “कोण आजारी आहे?”

“अगं, शिकतोय मी. प्रत्येक पार्टला आधी फूटप्रिंट द्यावी लागते.”

“म्हणजे पावलांचे ठसे?”

“म्हणजे त्याचे पाय बोर्डवर कुठे टेकणार ते.”

“आणि ह्या सगळ्या पिवळ्या रेघा कसल्या? लोकरीचा गुंडा मांजराने विस्कटल्यासारख्या?”

“कुठला पाय कुठल्या पायाला जोडायचा ते दाखवतात त्या. त्याला उंदराचं घरटं म्हणतात.”

“शाळेत होतात तेव्हा बरं होतं,” मॅडम म्हणाल्या, आणि जेवणाची ताटं लॅपटॉपच्या दोन्ही बाजूंना मांडली, कारण टेबलावर तेवढीच जागा उरली होती.

नमुन्यासाठी सरांनी पॅनेलमधलं जळकं बोर्ड काढून आणलं होतं. त्याच्या एका कडेला खोल्यांकडून येणाऱ्या तारांचा कनेक्टर होता, दुसऱ्या कडेला दिव्यांकडे जाणाऱ्या तारांचा. दिव्यांचा कनेक्टर सरांनी एका संध्याकाळी काढला, बोर्ड सुलटं ठेवून. खोल्यांचा कनेक्टर त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी काढला. तेव्हा बोर्ड पालथं होतं, कारण मधल्या वेळात मॅडमनी ते उचलून टेबल पुसलं होतं. डावीकडून एक, दोन, तीन असे नंबर सरांनी दोन्हीकडे सारख्याच शिस्तीने दिले.

शेवटी तपासणी आली. सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधायचं एक बटण होतं. सरांनी ते मोठ्या विश्वासाने दाबलं आणि अख्खा पडदा लाल झाला. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांत लाल खुणा केलेल्या माणसाला हे झेपेना. ते पडद्याशी हुज्जत घालायला लागले. “अरे, ही चूक नाही, ही पद्धत आहे... हां, ही मात्र चूक आहे... ही तुझी चूक आहे!” असं करत करत, रेषा सरकवत, पुसत, पुन्हा काढत, एका दुपारी पडद्यावर आलं : एकही चूक नाही. सरांनी मॅडमना हाताला धरून आणलं आणि ते वाक्य दाखवलं.

“वा,” मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते, कारण आश्रमात आता पेल्यांच्या जोडीला कुणीतरी परातही मिळवली होती.

यंत्राने तपासलं होतं ते एवढंच, की सरांनी जे सांगितलं तेच काढलंय की नाही. सरांनी काय सांगितलंय हा त्याचा विषय नव्हता.

बोर्ड छापून आलं. हिरवंगार, चकचकीत, कोपऱ्यात बारीक अक्षरात सरांची आद्याक्षरं. सरांनी त्यावर स्वतःच्या हाताने पार्ट सोल्डर केले, आश्रमात जाऊन पॅनेलमध्ये बसवलं आणि सगळ्या खोल्यांना निरोप धाडला की आता बटणं दाबून बघा. इतके दिवस बेलसाठी आसुसलेल्या मंडळींनी एकदमच दाबली. आठच्या आठ दिवे लागले. बझर असा काही वाजला की माळ्याने बाहेर नळी टाकली. टाळ्या झाल्या. सरांनी हात जोडले. कुठलं बटण कुणी दाबलं आणि कुठला दिवा लागला, हे विचारायचं त्या आनंदात कुणाला सुचणार?

दुसऱ्या दिवशी बेलवाल्या आजींनी चष्मा शोधायला बेल दाबली. हॉलमध्ये आठ नंबरचा दिवा लागला. मावशी चकित झाल्या. जजसाहेबांची बेल! त्या पळतच गेल्या.

“काय हवंय आजोबा?”

“काही नाही.”

“बेल वाजवलीत ना?”

“नाही.”

मावशी परत आल्या. तेवढ्यात पुन्हा आठ. पुन्हा गेल्या. पुन्हा “नाही”. तिसऱ्या वेळी जजसाहेबांना वाटलं, या बाई इतक्यांदा येतायत तर काहीतरी मागितलं पाहिजे, बरं दिसत नाही. त्यांनी चहा मागितला. चौथ्या वेळी बिस्किट मागितलं. पाचव्या वेळी मावशींना बसायला सांगून घरची चौकशी केली. मावशींना एक मुलगी असून ती नर्सिंगला आहे, हे आश्रमात त्या दिवशी पहिल्यांदा कुणालातरी कळलं.

इकडे बेलवाल्या आजींचा अंगठा दुखायला लागला. कुणी म्हणून फिरकेना. “सुधारणा केली म्हणे! सुधारणा!” असं भिंतीला ऐकवत त्या उठल्या, काठी घेतली आणि हॉलपर्यंत चालत आल्या. गेले कित्येक महिने त्या दारापर्यंतही आल्या नव्हत्या. मावशींनी त्यांना उभं पाहिलं आणि हातातला ट्रेच खाली ठेवला.

“मी बेल वाजवून वाजवून थकले!”

“आजी, तुमचा दिवा लागलाच नाही हो. शप्पथ.”

दिवसभर असंच चाललं. दोन नंबरने बेल दाबायची, मावशींनी सातकडे जायचं. सात म्हणायचे मी दाबलीच नाही, दोन म्हणायच्या मी दाबून दाबून दमले. संध्याकाळी मावशींनी मॅडमना बाजूला घेतलं. “मॅडम, रागावू नका. पण मंडळींचं काहीतरी बिनसलंय. जे बेल वाजवतात ते विसरतायत, आणि जे वाजवत नाहीत त्यांना वाटतंय आपण वाजवली.”

मॅडम गंभीर झाल्या. आठही जणांना एकदमच विसरायला व्हावं, ही साधी गोष्ट नव्हती. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. पॅनेलवर शंका घ्यावी असं त्यांच्या मनात एकदा आलं होतं, नाही असं नाही. पण त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं : एकही चूक नाही.

डॉक्टर आले. त्यांनी जजसाहेबांपासून सुरुवात केली.

“आजोबा, आज वार कोणता?”

“तुम्हाला माहीत नाही?”

“मला माहीत आहे.”

“मग विचारता कशाला? पुढचा प्रश्न.”

बेलवाल्या आजींना त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. आजींनी शून्याच्या जवळपास जाऊन दोन उरतात म्हणून सांगितलं आणि वर डॉक्टरांच्या औषधाच्या डोसातली चूक काढली. डॉक्टर बाहेर आले ते रुमालाने कपाळ पुसतच. “मॅडम, यांची डोकी तुमच्या-माझ्यापेक्षा ठीक आहेत. थोडे दिवस लक्ष ठेवा.”

लक्ष मात्र मॅडमच्या आधी जजसाहेबांनीच ठेवलं. बेलवाल्या आजी आता दिवसातून चार-पाचदा काठी टेकत हॉलमध्ये भांडायला यायच्या. एकदा जजसाहेबांनी त्यांना कॉरिडॉरमध्येच गाठलं.

“बाई, तुम्ही आत्ता बेल वाजवली होतीत?”

“आत्ताच नाही, सकाळपासून वाजवतेय!”

“आणि माझ्याकडे सकाळपासून माणूस येतंय. मला उसंत नाही.” त्यांनी क्षणभर विचार केला. “तुम्ही खोलीत जा. मी दार उघडं ठेवतो. पाच मिनिटांनी एकदाच दाबा.”

आजी गेल्या. एकदाच दाबली. मावशी आठ नंबरमध्ये हजर.

मग उलट करून पाहिलं. जजसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा बटण दाबलं, आणि मावशी एक नंबरमध्ये जाऊन आजींना म्हणाल्या, “बोला, काय हवंय?” आजींना इतकं भरून आलं की त्यांना काय हवंय तेच आठवेना.

दुपारी आठही जण टीव्हीच्या खोलीत जमले. “पुरावा निर्विवाद आहे,” जजसाहेब म्हणाले. “एकची बेल आठला, दोनची सातला, तीनची सहाला आणि चारची पाचला.”

“मग सांगू या की मॅडमना,” दोन नंबरच्या आजी म्हणाल्या.

“खबरदार!” बेलवाल्या आजी म्हणाल्या. “सांगितलं तर दुरुस्त करतील.”

मग एकेक जण हसायला लागला.

त्या दिवसापासून आश्रमात नवी व्यवस्था लागू झाली. कुणाला काही हवं असेल तर त्याने उठायचं, आपल्या जोडीदाराच्या खोलीत जायचं आणि सांगायचं, “जरा तुमची बेल दाबता?” मग आपल्या खोलीत परत येऊन बसायचं. मावशी बरोबर तिथे यायच्या. जोडीदाराकडे गेलं की नुसतं सांगून थोडंच परत येणं होतं? दोन शब्द व्हायचे. दोनाचे दोनशे व्हायचे. कधीकधी बेल दाबायची राहूनच जायची.

खरी पंचाईत चार आणि पाच नंबरची होती. चारमध्ये एक निवृत्त टेलर होते, पाचमध्ये बँडात क्लॅरिनेट वाजवलेले आजोबा. टेलर एकदा त्यांच्या वाजवण्याला ‘कापड फाडल्यासारखं’ म्हणाले होते, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. आता टेलरना गरम पाणी हवं असलं की त्यांना बँडवाल्यांच्या दारात जाऊन उभं राहावं लागायचं.

“बेल,” टेलर भिंतीकडे बघत म्हणायचे.

“कुणाशी बोलताय?” बँडवाले विचारायचे.

“ज्याच्या उशाशी बटण आहे त्याच्याशी.”

पाणी मिळायला वेळ लागायचा, पण मिळायचं. चार-आठ दिवसांत टेलरनी बँडवाल्यांच्या कोटाची बाही नीट करून दिली. “बघवत नव्हतं म्हणून,” असं त्यांनी स्पष्टीकरणही दिलं.

महिन्याच्या तपासणीला डॉक्टर आले तेव्हा त्यांना नवलच वाटलं. गुडघ्यांची सूज उतरली होती, भुका वाढल्या होत्या. “मॅडम, तुम्ही नक्की कुठला व्यायाम सुरू केलाय?” मॅडमना सांगता येईना. आश्रमात आता तक्रारी नव्हत्या, पेले शांत होते. त्यांनी घरी येऊन सरांचं मनापासून कौतुक केलं. सरांनी ते नम्रपणे स्वीकारलं आणि धाकटीला फोन करून विचारलं, “तुझे यजमान आहेत का घरी? सहजच, चौकशी केली म्हणून सांग.”

असं सगळं सुरळीत असताना एका सकाळी टेलर आजोबा पलंगावरून उतरताना घसरले आणि पलंग नि कपाटाच्या मध्ये अडकून बसले. उठून कुणाच्या दारात जाणं शक्यच नव्हतं. हात वर करून त्यांनी स्वतःचंच बटण दाबलं. पाचचा दिवा लागला. मावशी पाच नंबरमध्ये शिरल्या तर बँडवाले आजोबा मजेत दाढी करत होते. मावशींना बघून त्यांचा वस्तरा हवेतच थांबला.

“मी कुणाला बेल दाबायला सांगितलेलं नाही. म्हणजे... माझ्याकडे नाही! टेलरकडे पळा! लवकर!”

मावशी पळाल्या. अर्ध्या गालाला साबण लावलेले बँडवालेही पळाले. टेलरना दोघांनी मिळून उठवलं. पाय थोडा मुरगळला होता, बाकी काही नव्हतं. पण मॅडम दारात उभ्या होत्या.

“आजोबा,” त्यांनी बँडवाल्यांना विचारलं, “टेलर आजोबा पडलेत हे तुम्हाला कसं कळलं?”

बँडवाल्यांनी टेलरकडे पाहिलं, टेलरनी छताकडे. एव्हाना सगळे जमले होते.

“मावशी आधी पाचमध्ये धावत आल्या म्हणून,” जजसाहेब शेवटी म्हणाले आणि बेलवाल्या आजींकडे वळले. “बाई, आता सगळं सांगून टाकलेलं बरं.”

त्या संध्याकाळी मॅडम घरी आल्या तर साडू आणि धाकटी चहाला आलेले. सर आपलं डिझाइन लॅपटॉपवर उघडून साडूंना दाखवत होते.

“अहो,” मॅडम म्हणाल्या, “एकची बेल दाबली की आठचा दिवा लागतो. दोनची दाबली की सातचा. पहिल्या दिवसापासून. आज टेलर आजोबा पडले आणि मावशी दुसऱ्याच खोलीत गेल्या. थोडक्यात निभावलं.”

सरांचा चेहरा उतरला. पाहुणे बसलेत, साडू समोर आहे, हेही ते क्षणभर विसरले. “लागलंय का त्यांना?” त्यांनी पहिलं तेच विचारलं.

“पाय मुरगळलाय फक्त.”

साडूंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला, जळकं बोर्ड हातात घेतलं, सुलटं केलं, पालथं केलं.

“साडूभाऊ, कनेक्टर कुठल्या बाजूने बघून काढलेत?”

“दोन्ही बाजूंनी,” सर म्हणाले. “मी कुठलीच बाजू सोडली नाही.”

साडूंनी कप खाली ठेवला. मग ते इतके हसले की धाकटीला त्यांची पाठ चोळावी लागली. “एक सुलट, एक पालथा! दोन्ही बाजूंनी!” सरांनी ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग खुर्ची ओढून साडूंच्या शेजारी बसले. “झालं हसून? आता सरळ कसं करायचं ते दाखव.”

मॅडम तेवढा वेळ थांबणार नव्हत्या. त्या तशाच आश्रमात परत गेल्या. प्रथमोपचाराच्या पेटीतली चिकटपट्टी काढून त्यांनी दिव्यांवरच्या नंबरांवर लावली आणि पेनाने उलटे नंबर लिहिले. आठच्या जागी एक, एकच्या जागी आठ. चहा गरम असेपर्यंत त्या घरी परत आल्या होत्या. इकडे साडूंचं ते जड सॉफ्टवेअर अजून उघडतच होतं.

“केलं मी,” त्या म्हणाल्या. “नंबर बदलले. आता बरोबर लागतंय.”

दोन्ही साडूंनी त्यांच्याकडे बघितलं. “तसं चालणार नाही,” दोघंही एकदम म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

सरांना आता गप्प बसवेना. रोज संध्याकाळी साडू यायचे, रोज भांडणं व्हायची, आणि त्या जड सॉफ्टवेअरमध्ये बोर्ड चहूबाजूंनी फिरवत सर एकेक पाय मोजायचे. नवीन बोर्ड आलं. दोघं मिळून आश्रमात गेले. मॅडमनी आपल्या डोळ्यांसमोर चिकटपट्ट्या काढायला लावल्या, आणि या वेळी स्वतः एकेका खोलीत जाऊन एकेक बटण दाबलं. एकला एक, दोनला दोन, थेट आठला आठ. सरांनी मोठा श्वास सोडला. साडूंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. आजी-आजोबांनीही टाळ्या वाजवल्या, पण त्या हाताला हात लागतो न लागतो अशा.

दोघं अजून स्क्रू आवळतच होते तेवढ्यात बझर वाजला. आठचा दिवा. मावशी गेल्या आणि गोंधळलेल्या चेहऱ्याने परत आल्या.

“सर, आठमध्ये बेलवाल्या आजी आहेत.”

“काय?” सर पॅनेलवर झेपावले. “म्हणजे पुन्हा उलटं?”

“पट्ट्या काढल्यात ना सगळ्या?” साडूंनी आत डोकं घातलं.

“काढल्या की! तुझ्या डोळ्यांदेखत काढल्या!”

पुन्हा बझर. चारचा दिवा. मावशी जाऊन आल्या. “चारमध्ये बँडवाले आजोबा बसलेत. टेलर आजोबांचा पाय शेकायला गरम पाणी मागतायत.”

“आणि टेलर कुठे आहेत?”

“तिथेच, पलंगावर. ते म्हणाले, यांना सांगायची गरज नव्हती, मीच सांगणार होतो.”

मॅडम आठ नंबरच्या दारापर्यंत गेल्या. आत बेलवाल्या आजी खुर्चीत ऐसपैस बसून, शंभरातून सात वजा करताना डॉक्टरांचा चेहरा कसा झाला होता ते करून दाखवत होत्या आणि जजसाहेब डोळे पुसत हसत होते. मॅडम तशाच पाऊल न वाजवता परत आल्या.

“पॅनेल बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “माणसंच आपापल्या खोलीत नाहीत.”

मावशींनी कपाळाला हात लावला. “मग मी जायचं कुठं? दिवा आठचा, बेल दाबली आजींनी, चहा हवाय आजोबांना. कुठल्या खोलीत कोण बसलंय, हे सांगणारं एखादं सॉफ्टवेअर नसतं का हो सर?”

सरांनी चष्मा वर केला. “आहे. म्हणजे असायला हवं. फुकटसुद्धा असेल...”

“एक मला माहीत आहे,” साडू म्हणाले. “पण जरा जड आहे.”

मॅडमनी दोघांच्या हातांतले स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतले. “मावशी, आठ नंबरला चार कप चहा न्या,” त्या म्हणाल्या. “आणि या दोघांनाही तिकडेच नेऊन बसवा.”